अडकल्याच्या नोंदी

८ जानेवारी

दादा,

वाकून नमस्कार करवत नाही, पाठ धरली आहे. उभ्यानेच केला असं मानून घे.

तू स्वतःच्या हाताने जोडून दिलेला कॉम्प्युटर बिघडला. मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहिते आहे. हे वाचताना तुझं तोंड कसं झालं ते वहिनी मला फोनवर सांगेलच. तुझ्याशी बोलायचं तर पत्रच हवं. तीस वर्षं जनरेटरच्या खोलीत काढलीस आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आलास.

आधी तो नुसता मंद झाला. एखादं पान उघड म्हणून सांगावं, उठून चहा टाकावा, गाळावा, तरी ह्याचं आपलं चाललेलंच. ते मी चालवून घेतलं. वय झालं की कोण मंद होत नाही? पण गेला महिनाभर तो अडकतो. मी टाइप करत असते, हाताला छान लय आलेली असते, आणि मध्येच सगळं जागच्या जागी थांबतं. किती वेळ ते कळत नाही. मग आपला आपणच सुरू होतो, काही झालंच नाही अशा थाटात.

एका प्रोफेसरांचं नदीवरच्या पुलांबद्दलचं पुस्तक माझ्याकडे टाइपिंगला आहे. हाताने लिहिलेली चारशे पानं, मार्चअखेर द्यायची आहेत, त्यातली दोनशे साठ ह्या डब्याच्या पोटात गेली आहेत. तुझी भाची सकाळी नऊला ठकीला माझ्याकडे सोडून कामावर जाते आणि सहाला घेऊन जाते. ठकी म्हणजे काय चीज आहे ते तू अजून पाहिलेलं नाहीस. वय सव्वा वर्ष, उद्योग कपाटं उपसणं. ती दुपारी झोपली की तेवढेच माझे दोन तास. हे गेल्यापासून माझा दिवस ह्या दोघांवरच चालतो, ठकी आणि तुझा डबा.

दादा, थट्टा सोडून सांगते, मला भीती वाटते आहे. कशाची ते नीट सांगता येत नाही. लवकर काहीतरी उपाय लिही.

तुझी भिंगरी


१३ जानेवारी

भिंगरे,

तोंड कसं झालं ते वहिनीने सांगितलं असेलच. आता कामाचं बोलू.

‘बिघडला’ म्हणायचं नाही. यंत्र काय करतं ते सांगायचं. आमच्या खोलीत नवीन माणूस आला की मी त्याला पहिल्या दिवशी बजावायचो, तुला काय वाटतं ते घरी ठेवून ये, काय झालं ते क्रमाने सांग. तेव्हा एक वही घाल. चार रकाने आख. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले, तू काय करत होतीस, आवाज किंवा वास आला का, आणि सुरू झाल्यावर काय दिसलं. एकही वेळ सोडायची नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून आवाज अक्षरात लिही. घरघर असेल तर पंखा. टकटक असेल तर हार्ड डिस्क, आणि मग आधी प्रोफेसरांचे पूल दुसरीकडे उतरवून घे, बाकीचं नंतर.

मंदपणाचं औषध सोपं आहे. प्लग काढ. नुसतं बटण बंद नको, प्लगच काढ. कॅबिनेटच्या डाव्या अंगाचे दोन स्क्रू सोडव, पत्रा मागे सरकव. आत मधोमध छोटा पंखा आहे, त्याखाली पातळ पट्ट्यांची जाळी. तिथे धूळ बसली असणार. ठकीच्या आईचा शाळेतला रंगाचा ब्रश असेल घरात, त्याने हलक्या हाताने काढ. फुंकर मारू नको, थुंकी उडते.

शेजारी मेमरीची हिरवी पट्टी आहे. दोन्ही टोकांचे कान दाबून बाहेर काढ, तिच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरव, परत बसव. ‘कट’ असं ऐकू आलं पाहिजे. तुला ऐकू येतं, तेव्हा ऐक.

लहानपणी एका जागी बसायची नाहीस म्हणून भिंगरी नाव ठेवलं. आता बसतेस तर यंत्र उठू देत नाही. भिऊ नकोस. मी जोडलेलं आहे ते, मी सोडवीन.

दादा


२० जानेवारी

दादा,

केलं सगळं. पंख्याखालून एक उशी भरेल एवढा कापूस निघाला. ठकी शेजारी बसून तो तोंडात घालायला टपली होती, तिला एका हाताने अडवत दुसऱ्या हाताने ब्रश चालवला. खोडरबर फिरवलं, ‘कट’ ऐकलं. आणि खरंच सांगते, मंदपणा गेला. आता पान उघडतं ते माझ्या सुनेसारखं. म्हणजे मला सून असती आणि ती चपळ असती तर.

पण अडकणं गेलं नाही. वहीतलं उतरवून देते.

१५ जानेवारी, दुपारी सव्वादोन. ‘कमान’ शब्द लिहीत होते. आवाज नाही. सुरू झाल्यावर पानावर ‘क’ची रांग, साडेतीन ओळी. मी एकदाच दाबला होता.

१७ जानेवारी, दुपारी तीनला पाच कमी. माउस हलवत होते. आवाज नाही. सुरू झाल्यावर माउस टेबलाखाली लोंबत होता. बहुतेक धक्का लागला.

१८ जानेवारी, दुपारी अडीच. नुकता चहा आणून ठेवला होता. सुरू झाला तेव्हा चहावर साय धरलेली. म्हणजे चांगलाच वेळ अडकला असणार.

आणि एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहिली. अडकायच्या आधी वास येतो. दर वेळी. रबर जळावं तसा, नाकात अगदी आतपर्यंत. तो आला की पुढे काय होणार ते मला माहीत असतं. ठकी आतल्या खोलीत झोपलेली असते, दादा. कधी पेट घेतला तर? मी आता तिच्या दाराशी पाण्याची कळशी भरून ठेवते.

भिंगरी


२५ जानेवारी

भिंगरे,

ती कळशी आधी उचल. विजेच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं, माणूस चिकटतो. शाळेत शिकवलं होतं, तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत असशील.

जळका वास म्हणजे गंमत नाही. वीज आत घेणारा डबा, पॉवर सप्लाय, जात आला असावा. मी नवीन पार्सलने पाठवला आहे, सोबत की-बोर्डही. साडेतीन ओळी ‘क’ म्हणजे ती कळ दाबलेलीच राहते आहे. डबा स्वतः बसवू नको. तुमच्या इमारतीत वायरमन येतो ना, त्याच्याकडून बसवून घे. तोवर यंत्र बंद ठेव.

नंतर दोन चाचण्या कर. पुन्हा अडकलं की की-बोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाब आणि तिचा दिवा लागतो-विझतो का ते बघ. दिवा लागला तर यंत्र जागं आहे, फक्त पडदा थिजला आहे. नाही लागला तर पुरतं गेलं आहे. दुसरं, काम करताना शेजारी रेडिओ लावून ठेव. वायरीत कुठे ठिणगी पडत असेल तर अडकताना रेडिओ खरखरेल.

साय धरेपर्यंत अडकतं आणि मग आपोआप सुटतं, हे मला नवीन आहे. असं यंत्र मी पाहिलेलं नाही. पण म्हणजे होत नाही असं नाही.

चहा गरम असतानाच पी.

दादा


६ फेब्रुवारी

दादा,

पार्सल पोचलं. वायरमनने डबा बसवला, तुझ्या जोडणीचं कौतुक केलं, जुना डबा हुंगून पाहिला आणि म्हणाला, “काकू, ह्याला कसलाच वास नाही.” मग सगळ्या घराची वायरिंग तपासली. सगळं ठीक. वास मात्र येतोच. की-बोर्ड नवा, तरी परवा ‘पाया’ लिहिताना दोन ओळी नुसत्या ‘प’च्या.

कॅप्स लॉकचं जमत नाही. मला सुचेपर्यंत तो सुरू झालेला असतो.

रेडिओ लावला. हसू नकोस, पण आता रेडिओही अडकतो. बाई बातम्या सांगत होत्या, धरणातल्या पाण्याबद्दल, आणि एकदम कुठल्याशा गाण्याचं शेवटचं कडवं. मधलं काहीच नाही. खरखरसुद्धा नाही. तो बिचारा सेलवर चालणारा रेडिओ, त्याला कॉम्प्युटरचा कसला संसर्ग होणार?

आता मला वाटतं, बिघाड यंत्रात नसून घरातच आहे. काल सकाळी न्हाणीघरात ठकीची आंघोळ चालली होती. तिला साबण लावला, बादलीत नळ सोडला, आणि तोच वास. न्हाणीघरात, दादा! तिथे तर साधं बटणसुद्धा नाही. मग बघते तर बादली भरून वाहते आहे, पाणी उंबऱ्यापर्यंत, आणि ठकी त्या पाण्यात बसून दोन्ही हातांनी फटाफट मारते आहे. नाकातोंडात साबण, डोळे लाल, पण हसत होती. नळाचा दाब एकाएकी वाढला असणार. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका वर आल्या, त्यांच्या छतातून गळायला लागलं होतं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “मी केव्हाची बेल वाजवतेय.” बेलही बिघडली म्हणायची.

मला ह्या घराची भीती वाटायला लागली आहे. दुपारी ठकी झोपली की मी तिच्या पलंगापाशी जमिनीवर बसून राहते. पुस्तक तसंच पडलं आहे. प्रोफेसर दोनदा विचारून गेले.

तू येऊन बघशील का?

भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

हे साध्या टपालाने पाठवत नाही, कुरियरने पाठवतो आहे. पुढची ओळ वाचायच्या आधी ठकी कुठे आहे ते बघ. ती तुझ्या मांडीवर असेल तर खाली जमिनीवर बसव. आता वाच.

मी हे लिहितो आहे तेव्हा वहिनी बाहेरच्या खोलीत तुझ्या लेकीला फोन लावते आहे. मला ऐकू येत असतं तर मीच बोललो असतो. तुला न विचारता करतो आहे. माझ्यावर राग धर, पण पुढे वाच.

अडकलेलं यंत्र लिहीत नाही. साडेतीन ओळी ‘क’ उमटायला यंत्र चालू लागतं आणि कळीवर बोट दाबलेलं लागतं. की-बोर्ड बदलला तरी ‘प’ आला. कळ नवी होती, बोट तेच होतं. सेलच्या रेडिओला घरातली वीज लागत नाही. नळाला तर कसलीच लागत नाही. बेल वाजत होती, शिक्षिका खोटं कशाला बोलतील. तुझ्या वहीत सगळं क्रमाने लिहिलेलं आहे आणि मी तीन आठवडे नुसते सुटे भाग पाठवत बसलो.

यंत्र अडकत नाही. तू अडकतेस.

तुला आठवतं, आई कधी कधी कढईपाशी उभी राहायची, डोळे उघडे, हातात झारा, आणि हाक मारली तरी ओ द्यायची नाही? आपण पोरं हसायचो. “आई गावाला गेली” म्हणायचो. मिनिटभराने परत आली की विचारायचो, गावाहून काय आणलंस? ती ओशाळायची आणि म्हणायची, कुठला तरी जळका वास येतोय रे. आपल्या घरात ह्याला कधी दुसरं नाव दिलंच नाही. म्हणून तुलाही ओळखू आलं नाही आणि मलाही उशिरा आलं.

डॉक्टरकडे आजच जा. मेंदूच्या डॉक्टरकडे. एकटी जाऊ नको, जिना एकटी उतरू नको, गॅस पेटवू नको. आणि ठकीला उचलू नको, भिंगरे. पाया पडतो तुझ्या.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधी पोचला. त्यामुळे मला आधी काहीच माहीत नव्हतं. तुझी भाची भर दुपारी कामावरून धावत आली, चपला घालूनच आत आली आणि ठकीला माझ्या हातातून ओढून घेतलं. ओढून. ठकी रडायला लागली. मी विचारलं, अगं झालं काय? तर म्हणाली, “आई, तू तिला पाण्यात ठेवून कुठे गेली होतीस?”

ठकी आता पाळणाघरात जाते. सकाळी नऊला मी खिडकीतून बघते. तुझी भाची वर मान करत नाही.

मला वेड लागलेलं नाही. मी सकाळपासून सगळं घर सांभाळते, पुस्तकातल्या मोजमापांचा एक आकडा चुकवत नाही. आईचं म्हणशील तर आईला ऐकू कमी येत होतं. ट्रकचा भोंगा ऐकू आला नाही म्हणून ती गेली. तूच येऊन सांगितलंस मला, पोलीस चौकीवरून आल्या आल्या. आता तुला ते बदलायचं असेल तर बदल. माझी ठकी तर घेतलीसच.

पत्र लिहू नकोस.


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

नको म्हणालीस तरी लिहितो. फाडलंस तरी चालेल, फक्त वाचून फाड.

आईला चांगलं ऐकू येत होतं. मी खोटं सांगितलं होतं. ट्रकवाला मला पोलीस चौकीत भेटला. माझ्यापेक्षा लहान होता. म्हणाला, “बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. मी भोंगा वाजवला, ब्रेक दाबला, त्या हलल्याच नाहीत.” त्याच्या वर्षभर आधी मी आईला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं होतं आणि गोळ्याही लिहून दिल्या होत्या. आई म्हणाली, मुलीचं लग्न होईपर्यंत घरात गोळ्या दिसायला नकोत. कोणाला कळलं तर स्थळ मोडेल. मी हो म्हणालो. ती गेली तेव्हा तुझं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, म्हणून पुन्हा तेच ठरवलं, ह्या वेळी एकट्याने. मग तुझं लग्न झालं, तू सुखात होतीस, आणि मी विषय काढलाच नाही. तेहेतीस वर्षं.

तुला मी सांगितलं असतं तर पहिल्या वासालाच तू ओळखलं असतंस. तुझ्या न्हाणीघरातलं ते पाणी माझ्यामुळे वाहिलं. तुझी लेक तुला विचारते, कुठे गेली होतीस. ते तिने मला विचारायला हवं.

मला फार भीती वाटते आहे. जेवण जात नाही. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की मी दारात जाऊन उभा राहतो. दोन ओळी लिही, शिव्या घातल्यास तरी चालेल.

दादा


२ मार्च

दादा,

शिव्या नंतर.

डॉक्टर झाले. डोक्याला वीस-बावीस वायरी चिकटवल्या आणि कागदावर रेघा काढल्या. वायरमनला दाखवायला हवं होतं ते. डॉक्टरबाई तरुण आहेत, तुझ्यासारख्याच बोलतात, काय वाटतं ते सांगू नका, काय झालं ते सांगा. मी वही पुढे केली. त्यांनी पानन् पान वाचलं आणि म्हणाल्या, इतक्या चांगल्या नोंदी कोणी आणत नाही. हा फिटचाच एक प्रकार आहे, तो जळका वास त्याचाच असतो म्हणाल्या. बाहेर काही जळत नसतं. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू झाली आहे. झोप फार येते, पण आठवडाभरात एकच नोंद आहे.

आता जे लिहिते ते वहिनीला वाचून दाखवू नकोस.

मला माहीत होतं. सगळं नाही, आजाराचं नाव नाही, पण यंत्राचं काही नाही हे मला माहीत होतं. तू म्हणालास एकही वेळ सोडायची नाही, मी एक सोडली. लिहिली आणि पान फाडलं. २३ जानेवारी, सकाळी पावणेदहा. ठकीला कडेवर घेऊन जिना उतरत होते. वास आला. मग मी मधल्या टप्प्यावर उभी होते, एक हात कठड्याला, दुसरा तसाच कडेवर घेतल्यासारखा वाकवलेला, आणि त्या हातात कोणी नव्हतं. ठकी तीन पायऱ्या खाली बसली होती. तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. तो नंतर फुटला. कानामागे टेंगूळ आलं होतं. तिच्या आईला मी सांगितलं, कपाटावर आपटली.

आणि त्यानंतरही मी तिला रोज घेत राहिले. आंघोळ घालत राहिले. तुला रेडिओचं लिहिलं, वायरमन बोलावला, घराला नावं ठेवली. कॉम्प्युटर बिघडला असेल तर तू दुरुस्त करशील. मी बिघडले असेन तर ठकी जाईल. एवढाच हिशोब होता माझा. त्या तीन पायऱ्या मी डोळे मिटले की मोजते.

हे तुझ्या भाचीला सांगू नकोस. आता ती मला अर्धा तास ठकीशी बसू देते, ती स्वतः समोर असताना. हे कळलं तर तेवढंही जाईल. तू आईसाठी गप्प राहिलास, एकदा माझ्यासाठी राहा.

भिंगरी


७ मार्च

भिंगरे,

दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. वहिनीने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, बरी आहे. म्हणजे तू म्हणतेस तसा गप्प राहिलो आहे, आणि पुढेही राहीन. माझ्याकडून ते कोणाला कळणार नाही.

पण मी तुला सांगतो, गप्प राहून काय होतं. सुरुवातीला वाटतं, दोनच महिने, लग्न उरकू दे. मग वाटतं, बाळंतपण होऊ दे. मग तुझे हे आजारी पडले, म्हटलं आता कुठे. दर वेळी कारण चांगलंच असतं. तुझं कारणही चांगलं आहे, मला त्यात खोट काढता येत नाही. तरी तुझ्या लेकीने कानामागचं ते टेंगूळ पाहिलं आहे, आणि त्याबद्दल तिला जे माहीत आहे ते खोटं आहे.

डॉक्टरबाईंनाही ते पान मिळालेलं नाही. पडण्याची नोंद नसेल तर त्या गोळी किती द्यायची ते कशावरून ठरवणार?

जे करशील त्यात मी तुझ्या बाजूला आहे. भीती वाटली की लिही. मी इथेच आहे, पोस्टमनची वाट बघत.

दादा


१८ मार्च

दादा,

सांगितलं.

परवा ती ठकीला घेऊन आली होती, अर्ध्या तासासाठी. ओट्यापाशी उभी राहून मटार सोलत होती, ठकी आमच्या मधे जमिनीवर. मी तिच्याकडे न बघता बोलून टाकलं, तारीख, वेळ, जिना, तीन पायऱ्या, सगळं क्रमाने, तू शिकवलंस तसं. तिचे हात थांबले. मला वाटलं आता ओरडेल. ती खाली बसली, ठकीचे केस बाजूला केले आणि कानामागे बोटाने चाचपत राहिली, तिथे आता काहीच नाही तरी. मग म्हणाली, “आई, मी तिला त्या दिवशी दटावलं होतं. कपाटापाशी जाऊ नको म्हणून. ती ऐकतच नव्हती, म्हणून हातावर मारलंसुद्धा.”

मग ती खूप रडली. मी जवळ जायला उठले तर हाताने थांब म्हणाली. ते बरोबरच होतं. मी बसून राहिले.

शेवटी तोंड धुऊन आली आणि तिने सांगितलं की ठकी पाळणाघरातच जाईल, आंघोळ आणि जिना माझ्याकडे पुन्हा कधीच नाही, पण रविवारचा पूर्ण दिवस त्या दोघी इथे काढतील. अट एकच, मी काही झाकायचं नाही. काल डॉक्टरबाईंकडे ती स्वतः आली, ते पानही मी पुन्हा लिहून दिलं. गोळी वाढली.

पण परवाच, तोंड धुऊन आल्यावर तिने हेही विचारलं, “माझी आजी कशाने गेली गं?” डॉक्टरबाईंनी घरात कोणाला होतं का विचारलं होतं हे मी तिला सांगितलं होतं, तेव्हापासून तिच्या मनात होतं ते. मी सांगितलं. ट्रकवाला काय म्हणाला तेही सांगितलं. तुझं नाव घ्यावं लागलं, दादा, पण तिने तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. फक्त विचारलं की हे असं पुढे पुढे येतं का. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, येईलच असं नाही, येणारच नाही असंही सांगता येत नाही. मी तसंच्या तसं सांगितलं.

तेव्हा आमच्या दोघींच्या लक्षात आलं की ठकी बराच वेळ गप्प आहे. जमिनीवर बसली होती, हातात मटाराची शेंग, आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं, पडद्याच्या हालचालीने ते हलत होतं. तिचे डोळे उघडे होते. तिच्या आईने हाक मारली. ठकीने बघितलं नाही. पुन्हा मारली. मला त्या वेळी वाससुद्धा आल्यासारखा झाला, खरा की खोटा कोण जाणे. तिसऱ्या हाकेला ठकीने मान वळवली, भिंतीवरच्या उन्हाकडे शेंगेने दाखवलं आणि “ते” म्हणाली.

तुझ्या भाचीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. म्हणाली, “आई, ती नुसती बघत होती ना?”

मी म्हटलं, “हो गं. नुसती बघत होती.”

दादा, मी खरं सांगितलं असेन ना?

तुझी भिंगरी